साडेतीन वर्षांची लेक, दीड वर्षाचा मुलगा आणि तेलुगू बोलणारी आजी : घरी मिळून पाहायला कोणती चित्रपुस्तके घ्यावीत?

दोन लेकरांची आई, जुळे सोलापूर

नमस्कार. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. गेल्या दिवाळीपासून रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही तिघे खाली चादर अंथरून पुस्तक पाहत बसतो. ही सवय मोडू नये असे मनापासून वाटते, पण काही अडचणी आहेत आणि त्यांची उत्तरे मला एकटीला सापडत नाहीत.

पहिली अडचण पुस्तकांची. आतापर्यंत घरात जमलेली पुस्तके फळे, प्राणी आणि वाहने यांची आहेत. एका पानावर नऊ चित्रे आणि प्रत्येकाखाली नाव. लेकीला ती सगळी पाठ झाली आहेत, त्यामुळे "हे काय?" आणि "सफरचंद" एवढ्यावरच आमचे बोलणे संपते. महिन्याला दोन-तीनशे रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढता येतील. त्यात मराठीतील कोणती चित्रपुस्तके घ्यावीत?

दुसरी अडचण माझ्या वाचण्याची. एका नातेवाइकांनी राजाच्या गोष्टीचे एक पुस्तक भेट दिले. मी ओळी वाचून पान उलटायला जाते, तर लेक पानावर पंजा ठेवते आणि म्हणते, "थांब की, मांजर काय करायलंय बघू दे." गोष्टीत मांजराचा उल्लेखसुद्धा नाही. राजाच्या पलंगाखाली चित्रकाराने ते काढले आहे, एवढेच. गोष्ट पुढे न्यावी की तिच्याबरोबर मांजराकडे बघत बसावे, हे मला उमगत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. मी बार्शीकडची, पण सासरी तेलुगू बोलतात. मी कामावर असताना दिवसभर मुलांना सासूबाईच सांभाळतात. त्यांना मराठी समजते, कामापुरती बोलताही येते, मात्र कोणतीच लिपी वाचता येत नाही. लेक पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जाते तेव्हा त्या ते हळूच बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "तुझी आई आल्यावर वाचेल, मला येत नाही." त्यांचा तो चेहरा मला बघवत नाही.

धाकट्याबद्दल काय सांगू, तो पुस्तक आधी तोंडात घालतो आणि मग फाडतो. त्याला इतक्यात पुस्तके द्यावीत का?

निवृत्त बालवाडी शिक्षिका, साखर पेठ

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची वाट त्यातूनच जाते. थांबा, अवश्य थांबा. मूल अक्षर वाचायला लागण्याच्या कितीतरी आधी चित्र वाचायला लागते, आणि चांगल्या चित्रपुस्तकात मजकूर निम्मेच सांगत असतो. उरलेले निम्मे चित्रात असते, आणि आपण मोठी माणसे ओळींच्या मागे धावताना नेमके तेच पाहायचे राहून जाते. पलंगाखालचे मांजर चित्रकाराने उगीच काढलेले नाही. पुढच्या पानावर ते कुठे गेले, हे लेकीबरोबर शोधून पाहा. बहुतेक ते सापडेलच, आणि नाही सापडले तर ते कुठे गेले असेल याची गोष्ट ती आपल्याला सांगेल.

बालवाडीतील एक प्रसंग आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. विडीकाम करणाऱ्या आईचा एक मुलगा शाळेत आला आणि जवळजवळ दोन महिने तो एक शब्दही बोलला नाही. एके दिवशी बाजाराचे मोठे चित्र मधे ठेवून आम्ही गोलात बसलो होतो. बाकीची मुले फुगेवाला, बैलगाडी, भाजीवाली असे ओरडून सांगत होती. हा पुढे सरकला आणि चित्राच्या अगदी कोपऱ्यात नळाशी लावलेल्या घागरींच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाला, "आमची पाळी गेली." त्या दिवशी पहाटे त्यांच्या वाड्यात पाणी आले होते आणि आईला उशिरा जाग आली होती. नळाबद्दल मी काहीच विचारले नव्हते. मी माझ्या ठरलेल्या प्रश्नांनी ते चित्र पुढे नेले असते तर त्याचे ते वाक्य आम्हाला कधीच ऐकायला मिळाले नसते.

आता पुस्तके. मराठीत या वयासाठी मी सर्वांत आधी माधुरी पुरंदरे यांचे नाव घेईन. त्या लेखिका आहेत तशाच चित्रकारही आहेत, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकाच हातातून उतरलेले असते. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेला 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच आपल्या लेकीसाठी नक्की घ्या. त्यात घरातील माणसे आहेत, त्यांची रोजची कामे आहेत, आणि चित्रांतले घर तुमच्या-आमच्या घरासारखे आहे. ते संपले की त्यांच्याच 'यश' मालिकेकडे वळा. प्रथम बुक्सने काढलेले 'बाबांच्या मिश्या' हे त्यांचे पुस्तक तर साडेतीन वर्षांच्या मुलीला हमखास आवडेल असे आहे, कारण त्यातील अनूला आपल्या बाबांच्या मिश्या फार आवडतात आणि प्रत्येक मुलीला आपल्या बापाच्या चेहऱ्याबद्दल काही ना काही सांगायचे असतेच. 'चित्रवाचन' या पुस्तकाचे तर नावच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यातील एकेक चित्र आठवडाभर पुरते.

स्वस्त पुस्तकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालिका पाहावी. ही संस्था १९५७ साली स्थापन झाली आणि तिची पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. मिकी पटेल यांनी लिहून चितारलेली रूपा हत्तीण याच मालिकेतली. आपला करडा रंग तिला आवडेनासा होतो आणि इतर प्राण्यांचे पट्टे, ठिपके, पिसे तिच्या अंगावर चढतात. मुले ते पान बघून लोळून हसतात. १९५७ सालीच व्यंगचित्रकार शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट सुरू केला. त्यांची जुनी पुस्तके कुणाच्या माळ्यावर सापडली तर जपून ठेवा.

नऊ चित्रांची ती पुस्तके मात्र टाकून देऊ नका. चित्र आणि त्याखाली नाव हा फार जुना प्रकार आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली युरोपात मुलांसाठी तसेच पुस्तक छापले होते आणि मुलांसाठीच्या पहिल्या चित्रपुस्तकांत त्याची गणना होते. त्या पुस्तकांचा उपयोग वेगळ्या रीतीने करा. "हे काय?" असे विचारण्याऐवजी "यातले आपण आज काय खाल्ले?", "यातले काय सोलायला अवघड?" असे विचारा.

धाकट्याला पुस्तके द्या. जाड पुठ्ठ्याची पाने, गोल कोपरे, एका पानावर एकच ठळक चित्र, एवढे पाहून घ्या. तो चावेल, कारण त्या वयात वस्तूची ओळख तोंडानेच होते. फाटलेले पान त्याच्यासमोर बसून चिकटवा आणि त्याला पट्टी धरायला लावा.

एक विनंती. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेली पुस्तके या वयात शक्यतो घेऊ नका. गोष्ट ऐकताना मूल जे काही मनात जुळवत असते, ते त्या एका ओळीने बंद होते.

दोन मुलींचा बाप, अशोक चौक

मी आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो आमच्याही घरचा आहे. आमच्याकडे आई तेलुगू बोलते, पत्नीचे माहेर अक्कलकोटचे असल्यामुळे ती मुलींशी कन्नडमध्ये बोलते, आणि गल्लीत मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरे शेकड्यांनी सापडतील. मुलांचा गोंधळ होईल म्हणून घरातही मराठीच बोला, असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. आम्ही तो मानला नाही आणि त्याचे मला समाधान आहे.

प्रथम बुक्स ही संस्था २००४ साली सुरू झाली आणि २०१५ साली त्यांनी स्टोरीवीव्हर नावाचे संकेतस्थळ उघडले. तेथील पुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे ती फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या सोलापुरातल्या चारही भाषा तिथे आहेत. पुष्कळ पुस्तकांची चित्रे तीच राहतात आणि मजकूर तेवढा दुसऱ्या भाषेत मिळतो. पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर २५० शब्दांपर्यंतची पुस्तके असतात, आपल्या लेकीसाठी तिथूनच सुरुवात करावी. मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नका. पडद्यावर दोघींची डोकी एकत्र मावत नाहीत आणि मधेच फोन वाजतो. आम्ही महिन्याला एक पुस्तक रंगीत छापून घेतो आणि मधोमध जाड दोऱ्याने शिवतो. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्थाही मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत चित्रपुस्तके काढते. छापील पुस्तक हवे असेल तर त्यांची यादी पाहावी.

पण आपल्या सासूबाईंना वाचताच येत नाही, हा खरा मुद्दा आहे. माझ्या आईलाही येत नाही. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. सुरुवातीला तीही पुस्तक बाजूला ठेवायची. मग एके दुपारी मी तिला एवढेच म्हणालो की, यातले शब्द राहू दे, या मांजराचे काय चालले आहे ते तू तुझ्या भाषेत सांग. ती चष्मा लावून बसली. पहिल्या पानावर तिने फक्त मांजराचे नाव घेतले, "पिल्ली." तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात. माझी थोरली तेव्हा चार वर्षांची होती, तिने लगेच दुरुस्ती केली, "आज्जी, हे पिल्लू नाही, मोठं आहे." मग दोघींचा बराच वेळ वाद झाला, आणि पान उलटल्यावर मांजरीच्या मागे तिचे पिल्लू निघाले तेव्हा पोरगी आनंदाने ओरडली, "पिल्लीचं पिल्लू!" तेव्हापासून आमच्या घरात त्या पुस्तकाचे तेच नाव आहे, छापलेले नाव कुणीच घेत नाही.

वर बाईंनी 'बाबांच्या मिश्या' सुचवले आहे. ते आणाच. मराठीत मिश्या, तेलुगूत मीसालु आणि कन्नडमध्ये मीसे. तिन्ही शब्द एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहा. माझ्या धाकटीने एकदा तिन्ही शब्द म्हणत माझ्या ओठावरून बोट फिरवले आणि मला विचारले, "तुझ्या मिश्या कुठल्या भाषेतल्या?" मी अजून त्याचे उत्तर शोधतो आहे.

सासूबाईंना वाचून दाखवायला सांगू नका, बघून सांगायला सांगा. एवढ्याने बराच फरक पडेल.

विजापूर रस्ता, तीन वर्षांच्या मुलाची आई

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. चित्राजवळ थांबावे, आजीने आपल्या भाषेत सांगावे, हे सगळे खरे. मात्र कधी तरी, निदान दिवसातून एकदा, पुस्तकातील वाक्ये जशी छापली आहेत तशीच, एकही शब्द न बदलता वाचावीत असे मला वाटते. आपण सोलापूरकर "काय करायलास?" असे बोलतो. ती आपली बोली आहे, तिची मला लाज नाही, आणि माझा मुलगा तीच बोलतो. पण पुस्तकात "काय करतो आहेस?" असे येते तेव्हा त्या वाक्याला त्याची स्वतःची चाल असते, आणि ती चाल कानावर पडायला पुस्तकाशिवाय दुसरी जागा आमच्या घरात नाही. मी आधी प्रत्येक वाक्य त्याच्या बोलीत फिरवून सांगत असे. आता सांगत नाही. तो दोन्ही ओळखतो, आणि खेळताना बाहुल्यांना पुस्तकातली वाक्ये देतो, स्वतः मात्र आपल्या भाषेत बोलतो.

तेच ते पुस्तक पुन्हापुन्हा मागतात म्हणून कंटाळू नका, असेही सांगेन. उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली होती, घामाने जीव नकोसा झाला होता, आणि मी मोबाइलच्या उजेडात वाचताना दोन पाने एकदम उलटली. मुलगा अर्धवट झोपेत होता. डोळे न उघडता तो म्हणाला, "पाऊस राहिला." गळलेल्या पानावर पाऊस होता. मी मागे गेले आणि पाऊस वाचला.

परदेशी पुस्तकांपैकी एक माझ्या फार जवळचे आहे, म्हणून लिहिते. एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले. त्यात सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नाशपाती असे करत सुरवंट खात जातो, आणि त्याने खाल्लेल्या प्रत्येक फळाला खरोखरचे भोक पाडलेले असते. मूल त्यात बोट घालते आणि स्वतःच सुरवंट होऊन पुढच्या पानावर निघते. आमच्याकडे ते इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. मागवलेली पहिली प्रत मात्र सुट्या पानांची आणि पुसट छपाईची निघाली, म्हणून मागवण्याआधी बांधणीची चौकशी करावी. त्यातली सगळी फळे आपल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून आम्ही त्याच्या शेवटी एक पान जोडले आहे, आणि त्यात सुरवंट डाळिंब खातो. डाळिंबाचे दाणे मुलाने स्वतः लाल खडूने काढले. ते पान आता इतर सगळ्या पानांपेक्षा जास्त मळले आहे.

एक आजोबा, कुचन नगर

सुरवंटाच्या पुस्तकातील भोकांबद्दल वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी आयुष्यभर चादरीच्या नक्षीचे काम केले. आलेखाच्या कागदावर चौकटी भरून नक्षी काढायची आणि तिच्यावरून जकार्डची कार्डे पाडायची, हा माझा धंदा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जकार्ड मागावर एका आडव्या धाग्याला पुठ्ठ्याचे एक कार्ड लागते. कार्डात जिथे भोक असते तिथे सुई आत जाते आणि त्या जागेचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. आपल्या अंगावरच्या चादरीवर जो मोर किंवा जे फूल दिसते, ते आधी अशा शेकडो कार्डांवर भोकांनी लिहिलेले असते. नात चार वर्षांची असताना तिने विचारले की चादरीला मोर कसा कळतो. मी तिला एक जुने कार्ड दिले आणि खिडकीपुढे धरायला सांगितले.

त्यातूनच आमचे घरचे पुस्तक तयार झाले. जकार्डचे कार्ड हातभर लांब आणि चार बोटे रुंद असते, आणि मागावर ही कार्डे लांब कडेने एकमेकांना दोरीने ओवलेली असतात. अशी ओवलेली सात कार्डे उभी धरली की आपोआप घडीचे पुस्तक होते, उघडले की भिंतीसारखे लांब पसरते आणि मिटले की एका हातात मावते. पान उंच आणि अरुंद. त्याच्यावर काय काढावे, असा प्रश्न मला एका क्षणापुरताच पडला. सोलापुरात उंच, अरुंद आणि सात म्हटले की दुसरे काय आठवणार? आमच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील एकेक नंदीध्वज आहे, म्हणजे मिरवणुकीत निघणाऱ्या सात उंच काठ्यांपैकी एकेक काठी. खाली पांढऱ्या बाराबंदीतील माणूस मी काढला, वरचा ध्वज नातीने रंगवला. वरच्या भागातील भोके आम्ही बुजवली नाहीत. संक्रांतीच्या सुमारास रात्री त्या काठ्यांवर दिवे लागतात, तसे रात्री पुस्तकामागे विजेरी धरली की आमच्या काठ्यांवरही दिवे लागतात. ही कल्पना माझी नव्हे, तिची.

या पुस्तकात एकही अक्षर नाही. त्यामुळे दर वेळी गोष्ट वेगळी होते. कधी तिसरी काठी धरणारा दमतो, कधी पाचव्या काठीवर चिमणी बसते. जानेवारीत मी तिला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवायला नेले, तेव्हा खरी काठी समोरून डुलत आली आणि ती माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, हिच्यावरची चिमणी उडाली वाटतं."

ताई, आपल्या सासूबाईंना वाचता येत नाही असे आपण लिहिले आहे. माझ्या बायकोलाही येत नव्हते. पण चादरीची नक्षी उलटी पडली आहे की सुलटी, हे ती दहा हातांवरून सांगत असे. ते वाचणेच होते, आणि मला ते तिला तोंडावर सांगायला फार उशीर झाला. आपण उशीर करू नका.

निवृत्त बालवाडी शिक्षिका, साखर पेठ

आजोबा, आपले पुस्तक पाहायला मिळाले तर मी स्वतः येईन.

ताई, दोन व्यवहाराच्या गोष्टी माझ्या मघाच्या उत्तरात राहून गेल्या. सगळीच पुस्तके विकत घ्यायची नसतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या भागातील सार्वजनिक वाचनालयात लेकीला बरोबर घेऊन जा आणि या वयाची चित्रपुस्तके आहेत का, हे विचारा. नसतील तर तशी मागणी लेखी द्या. मागणी आल्याशिवाय खरेदीच्या यादीत चित्रपुस्तके येत नाहीत. दुसरे म्हणजे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मुलांची हजारो पुस्तके फुकट आहेत, त्यांत मराठी आणि हिंदी अनुवाद पुष्कळ आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. ते आपल्या लेकीला आणखी काही वर्षांनी लागेल, पण जुने अंक हाताला लागले तर त्यातील चित्रे आताही पाहता येतील.

दोन लेकरांची आई, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहावे आणि मग कळवावे असे ठरवले होते.

'राधाचं घर' आणि 'बाबांच्या मिश्या' आणले. राजाच्या पुस्तकातील मांजर आम्ही शोधले. ते सहा पानांवर आहे, आणि शेवटच्या पानावर राजाच्या सिंहासनावर ते झोपलेले आहे. इतके दिवस ते पुस्तक आमच्या घरात होते आणि मला ते एकदाही दिसले नव्हते. धाकट्याला जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक दिले. तो अजून चावतो, पण आता चावण्याआधी "भू भू" म्हणतो.

सासूबाईंना मी अशोक चौकातील दादांनी सांगितले तसेच म्हटले. पहिले दोन दिवस त्या नकोच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा त्या दारातच चादर टाकून बसल्या होत्या, लेक मांडीवर आणि धाकटा पाठीला लटकलेला. राधाच्या आजीचे पान उघडे होते आणि सासूबाई त्यांच्या गावाकडच्या स्वतःच्या आजीबद्दल तेलुगूत काही सांगत होत्या. मी चपला न काढता तशीच उभी राहिले. मला निम्मेच समजले. लेकीला सगळे समजत होते, कारण मधेच तिने मागे वळून मला मराठीत सांगितले, "आई, आज्जीच्या आज्जीकडे खरा माग होता. हातानं ओढायचा." माझ्या लग्नाला सहा वर्षे झाली आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

विजापूर रस्त्याच्या ताईंचा सल्लाही मी पाळते. रात्रीचे वाचन छापील वाक्यांचे असते आणि दुपारचे आजीचे.

आजोबा, आपल्यासारखे घडीचे पुस्तक आम्हालाही करायचे आहे. सासूबाई म्हणतात की नंदीध्वज नको, त्यांना मार्कंडेयाचा रथ काढायचा आहे. अशी ओवलेली जुनी कार्डे कुठे मिळतील?

एक आजोबा, कुचन नगर

जरूर करा. आपल्या ओळखीच्या कुठल्याही जकार्डच्या कारखान्यात विचारा. नक्षी बदलली की जुनी कार्डे रद्दीत जातात, मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी संगणकावरचे जकार्ड आल्यामुळे पुठ्ठा कमी झाला आहे, म्हणून थोडे फिरावे लागेल. कार्डे सुटी घेऊ नका, ओवलेलीच मागा, नाहीतर ओवण्यातच दोन दिवस जातील. दोरी जुनी असेल तर एकदा ओढून पाहा. कडेला धार असते, धाकटा चावणारा आहे म्हणून चारही कोपरे कात्रीने गोल करून घ्या आणि कडेला कापडी पट्टी लावा.

रथासाठी कार्ड अरुंद पडेल. तीन कार्डे एकत्र उघडी ठेवून त्यांच्यावर मिळून एक रथ काढा, चाके दोन टोकांच्या कार्डांवर येतील. सासूबाईंना विचारा, त्या बरोबर मांडणी सांगतील.